चौकशीवाले काका

इंटरनेटवरची जागा दुपारी जेवायला बंद होते, असं कुठे ऐकलंय तुम्ही? आमची होते. कॅन्सरच्या पेशंटना मराठीत माहिती देणारी आमची वेबसाइट भर दुपारी उघडलीत तर लाकडी चौकटीची एक खिडकी दिसते. तिची झडप खाली ओढलेली असते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘खिडकी जेवणासाठी बंद आहे. लिहून ठेवलेली माहिती वाचता येईल. प्रश्न सांगून ठेवा, जेवण झालं की बघतो.’ हे केलं मीच, पण माझ्याकडून करवून घेतलं काकांनी, आणि त्याआधी आमचं कडाक्याचं भांडण झालं.

“अहो काका, कॉम्प्युटरला भूक लागत नाही.”

“मला लागते. उत्तर मी देतो, कॉम्प्युटर देत नाही. माणूस जागेवर नसेल तर नाही म्हणून सांगावं. झडप उघडी आणि आत कुणी नाही, यासारखा माणसाचा अपमान नाही, मॅडम.”

मला ते मॅडम म्हणायचे. मी डहाणूतल्या मसोलीत कॉम्प्युटरचे क्लास घेते, एवढ्याच भांडवलावर. खरं तर परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ते मला ओळखत होते. डहाणूच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत ते बसायचे. हुद्दा वाहतूक नियंत्रक, पण सगळा तालुका त्यांना चौकशीवाले म्हणूनच ओळखायचा. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. आता ते नाहीत. एका सकाळी चहा टाकून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत, आणि शेजारच्यांना कळलं ते चहा करपल्याच्या वासाने. मला त्यांचा अजूनही राग येतो, कारण त्यांच्यानंतर ही खिडकी माझ्या गळ्यात पडली आणि दुपारचं जेवण मला वेळेवर घ्यावं लागतं.

शाळकरी वयात मी त्या खिडकीशी जाऊन विचारायचे, “तलासरीची गाडी कधी येईल?” आतून उत्तर यायचं, “तलासरीहून सुटली आहे. येण्याचं मी सांगत नाही.” किंवा, “सुटल्याचा फोन नाही.” बस्स. दुसऱ्या कुठल्याही खिडकीवर “येईल येईल, बसा” असं मिळायचं. आमच्याकडे नाही. एकदा वऱ्हाडाची खोळंबलेली मंडळी खिडकीवर चालून आली. काकांनी शांतपणे माइक ओढला आणि सगळ्या स्टँडला सांगितलं, “गाडी कुठे आहे ते मला माहीत नाही. कळलं की सांगतो.” बायका फिस्सकन हसल्या, नवरदेवाचा मामा शिव्या देऊ लागला. पण अर्ध्या मंडळींनी उठून जीप केली आणि ती लग्नाला पोचली.

पुढे मी त्यांना विचारलं होतं की, ‘येईल’ म्हणायला तुमचं काय जात होतं? ते म्हणाले, “येईल म्हटलं की माणूस जीप सोडतो.”

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात होतं. बाकी माणूस तसा अडाणी हट्टाचा. पेन कानावर. शर्टाच्या खिशात कायम बडीशेप, ती मोजून दोन चिमट्या द्यायचे. स्वतःचा मोबाइल डोळ्यांसमोर न धरता खाली टेबलावर ठेवायचे आणि मान वाकवून त्याच्याशी बोलायचे, कारण स्टँडवरच्या खिडकीची फट खाली होती आणि जन्मभर वाकून बोलायची सवय लागली होती. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “कुणी चौकशी केली नाही.”

या आजाराशी त्यांची गाठ पडली ती बहिणीमुळे. तिचे उपचार मुंबईला झाले, आणि काका तिच्याबरोबर दवाखान्याच्या बाकड्यांवर महिनोन्‌महिने बसले. (बहीण बरी झाली. आज ठणठणीत आहे, आणि भाऊ गेला तरी त्याच्याशी भांडणं चालूच ठेवते.) बाकड्यावर बसून काका काय करत होते? ऐकत होते. कुठून कुठून आलेली माणसं एकमेकांना तेच तेच विचारत होती. घरच्यांना लागेल का? भांडी वेगळी ठेवायची का? केस जातील का, परत येतील का? पोरीच्या लग्नाचं बोलणं चाललंय, सांगायचं की नाही? आणि बाजूला बसलेला दुसरा पेशंट, ज्याला स्वतःलाच काही माहीत नाही, तो सांगत होता, “होईल होईल, सगळं नीट होईल.”

काका घरी आले आणि थेट माझ्या क्लासवर. “मॅडम, इंटरनेटवर खिडकी उघडायला काय लागतं?”

मी हसले. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण त्यांनी मुंबईची एक डॉक्टरबाई गाठली. मूळची आपल्याच तालुक्यातली, कॅन्सरचीच डॉक्टर. तिला म्हणाले, “उत्तरं तुम्ही तपासायची. तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक ओळ चढणार नाही.” ती बिचारी हो म्हणाली, कारण तिला वाटलं, महिन्याला एखादी ओळ येईल. काका तिला ‘वरिष्ठ कार्यालय’ म्हणत. “वरिष्ठ कार्यालयाकडून मंजुरी नाही” असं म्हणून त्यांनी माझी सुंदर सुंदर वाक्यं परत पाठवली आहेत.

पानाचं नाव म्हणजे पेशंटचा प्रश्न, पेशंटच्याच शब्दांत. उत्तराचा पहिला शब्द हो, नाही किंवा माहीत नाही. त्याच्यापुढे हवं ते लिहा. ‘घरच्यांना लागेल का? नाही. एका ताटात जेवा.’ ‘ताडी चालेल का? नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. त्यांना विचारायला लाजू नका, ते रोज हेच ऐकतात.’ ‘भगताकडे जाऊ का?’ या पानावरून माझं आणि त्यांचं वाजलं होतं. मला तिथे खणखणीत ‘नाही’ हवं होतं. काकांनी लिहिलं, ‘हो, जायचं असेल तर जा. पोटात काही घेऊ नका, अंगाला काही लावू नका आणि दवाखान्याची तारीख चुकवू नका.’ म्हणाले, “नाही म्हटलं तरी पाड्यावरची माणसं जाणारच. मग पुढचं वाचणार नाहीत.” वरिष्ठ कार्यालयाने त्यांनाच मंजुरी दिली. मी दोन दिवस बोलले नाही.

काही शब्दांना आमच्याकडे प्रवेश नव्हता. लढाई नाही, झुंज नाही, योद्धा तर अजिबात नाही. “स्टँडवर आलेल्याला आपण योद्धा म्हणतो का? प्रवासी म्हणतो. त्याला बिचाऱ्याला फक्त कुठली गाडी आणि कुठे उभी ते हवं असतं.” कुणी हौसेने उगवत्या सूर्याचं चित्र पाठवलं तर ते धन्यवाद म्हणून परत करायचे.

टाइप करता न येणारेच जास्त, म्हणून आम्ही बोलून प्रश्न विचारायची सोय ठेवली. मग काय, कोसबाडच्या डोंगरापासून खाडीपर्यंतचे आवाज येऊ लागले. कुणी मराठीत, कुणी गुजरातीत, कुणी वारलीत, मागे कोंबड्या, बोटीचं इंजिन, रडणारी पोरं. काका ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर द्यायचे. निदान ‘माहीत नाही’ तरी. “खबर नथी, बेन. डॉक्टरने पूछीने कहूं.” एवढ्या अदबीने ‘खबर नथी’ म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हिरूबाईचा आवाज असाच एका सकाळी आला. वरोरची मासळीवाली. डहाणूच्या बाजारात बसायची, आणि तिचा आवाज मी क्लासमध्ये बसून ओळखला असता. टोपली उतरवायच्या आधीच आख्ख्या बाजाराला कळायचं की हिरूबाई आली. त्या दिवशी मात्र हळू बोलत होती.

“मना तोंडात गाठ हाय. मशेरी लावायची मी, त्याची. डॉक्टर बोलतो गाल कापाचा, जिभेचा पन तुकडा जाईल. तारीख दिलीय. मना येवढाच सांगा, माजा आवाज राहील का? बाजारात ओरडता येईल का? नाय येनार तर मी नाय जानार. मुकी होऊन जगू कशाला?”

काकांनी प्रश्न डॉक्टरबाईंकडे पाठवला. उत्तर आलं. काकांनी ते खिडकीतून सांगितलं, तसंच्या तसं. “माहीत नाही. बोलता येईल, असं डॉक्टर म्हणतात, पण पहिल्यासारखं येणार नाही. फरक किती पडेल ते आधी सांगता येत नाही. ऑपरेशन केलं नाही तर गाठ वाढेल, हे मात्र नक्की.”

झालं. हिरूबाईने घरात जाहीर केलं की ती जाणार नाही. तिचा मुलगा नरेश बोट घेऊन समुद्रात होता, तो किनाऱ्याला लागला तसा थेट मसोलीत आला. अंगाला मासळीचा वास, डोळे लाल.

“काय बिघडलं असतं तुमचं? ‘राहील’ एवढा एक शब्द. ती गेली असती ऑपरेशनला. नंतरचं नंतर बघितलं असतं आम्ही!”

मीच मध्ये पडले, आणि नरेशच्या बाजूने पडले. “काका, एकदा म्हणा ना येईल. एकदाच! ही काय तलासरीची गाडी आहे? बाई मरेल हो तुमच्या खरेपणापायी.”

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं नाही, नरेशकडे पाहिलं. “तुझी आई ऑपरेशनातून उठेल. पहिल्यांदा बोलायला तोंड उघडेल. जे बाहेर येईल ते ऐकून तिला काय वाटेल? त्या वेळी मी तिला खोटं सांगितलेलं असेल, आणि तू पण. मग ती उरलेले उपचार कुणाच्या भरवशावर घेणार? शेक घ्यायला, रेडिएशनला, जायचं असतं रे नंतर, आठवडेच्या आठवडे.”

नरेश भिंतीला टेकून रडला. मीही रडले. काकांनी दोघांना बडीशेप दिली. त्यांना दुसरं काही सुचायचं नाही अशा वेळी.

मग त्यांच्या डोक्यातून जे निघालं ते मला आधी शुद्ध क्रूरपणा वाटलं. ते म्हणाले, “सांगता येत नाही, पण ऐकवता येईल.”

तलासरीकडच्या एका पाड्यावर रावजी नावाचा शेतकरी होता. त्याचं असंच ऑपरेशन आधी झालं होतं. आमच्या खिडकीवर त्याची बायको प्रश्न विचारायची, तो स्वतः कधीच नाही. ऑपरेशन झाल्यापासून परक्या माणसासमोर तो तोंड उघडत नसे. काकांनी त्याचा आवाज मागायचं ठरवलं. एसटीनेच गेलो आम्ही, दुसऱ्या कुठल्या वाहनात ते बसत नसत. पुढे पायवाटेने पाड्यावर. रावजी अंगणात टोपली विणत होता. गालावरून मानेपर्यंत शिवण. काकांनी कशासाठी आलो ते सांगितलं, आडपडदा न ठेवता. “एक बाई आहे. घाबरली आहे. तुझं बोलणं ऐकून ती आणखी घाबरेल किंवा कमी घाबरेल, ते मला माहीत नाही. द्यायचं नसेल तर नाही म्हण. चहा पिऊन जाऊ.”

रावजीने कितीतरी वेळ कामटीवर कामटी घातली. मग हात पुसले आणि मान हलवली. मी फोन धरला.

शब्द ओले येत होते, स, च, ट सगळे एकमेकांत मिसळलेले. पण थांबून थांबून तो बोलला. “बाय, मी रावजी. माजा गाल काडला. जीभ थोडी काडली. पयले नुसता आवाज यायचा. आता बोलताव. बायको समजते. बैल आधी पन ऐकत नवते, आता पन ऐकत नाय.” त्याची बायको मागे जोरात हसली, तेही त्यात आलं.

मी म्हटलं, “बायकोचं हसणं कापू का?” काका म्हणाले, “ते तर मुख्य आहे.”

वरोरला मी त्यांना स्कूटरवर नेलं. केवळ हिरूबाईची तारीख जवळ आली होती म्हणून बसले, आणि वाटभर माझ्या खांद्याला धरून डोळे मिटून होते. हिरूबाई किनाऱ्यावर होती. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकलेले, ती आणि आणखी चारपाच बायका त्यांच्यामधून फिरत होत्या. नरेश जाळं दुरुस्त करत बसला होता. काकांनी फोन एका पालथ्या टोपलीवर ठेवला, स्वतः उकिडवे बसले आणि रावजीचं बोलणं लावलं.

नरेश ऐकू शकला नाही. उठून पाण्याकडे चालता झाला. हिरूबाई मात्र हलली नाही. संपल्यावर म्हणाली, “परत लावा.”

परत लावलं.

“हा असाच बोलतो?”

“असाच. तुमचं याच्यापेक्षा चांगलं येईल किंवा वाईट येईल. माहीत नाही. शिकवणारे असतात दवाखान्यात, ते शिकवतात.”

“ती बायको हाय त्याची, हसते ती? सोडून नाय गेली?”

“नाही. म्हणाली, सगळं समजत नाही, पण भांडण पूर्ण समजतं.”

मग हिरूबाईने एक अजब गोष्ट केली. अंगठा तोंडात घातला, जिभेवर दाबून धरला आणि छाती भरून ओरडली. बोंबील की पापलेट, काहीतरी होतं. भलताच आवाज निघाला. वलांडीपाशी उभ्या असलेल्या बायका आधी दचकल्या, मग एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांना. हिरूबाईने अंगठा पदराला पुसला.

“गिऱ्हाईकाला भाव बोटांनी दाखवीन,” ती म्हणाली. “मासळी तर दिसतेच त्याला.” आणि पाण्याकडे तोंड करून तिने आपल्या खऱ्या आवाजात हाक मारली, “नरेश! तारखेला जायाचा हाय आपल्याला!”

तो आवाज काकांनी टिपून ठेवायला सांगितला नाही. मला मागाहून वाटलं, ठेवायला हवा होता. त्यांच्या मनात तसं काही येतच नसे.

ऑपरेशन झालं. गाठ गेली. पुढे शेकही पूर्ण झाला. या सगळ्या काळात खिडकीवर नरेशचेच प्रश्न येत होते. नळीतून काय द्यायचं, तोंड उघडत नाही तर काय करायचं, आई घरात कुणाशी बोलत नाही तर काय करायचं. शेवटच्या प्रश्नाला काकांनी ‘माहीत नाही, घेऊन या’ असं उत्तर दिलं होतं.

ती आली तेव्हा वैशाखाचं ऊन होतं. आम्ही होतो काकांच्या घरातल्या पुढच्या खोलीत, जिथे त्यांची खुर्ची, माझा लॅपटॉप आणि छताला घरघरणारा पंखा होता. हिरूबाई वाळली होती. चेहऱ्याची एक बाजू आत गेलेली, पदर तोंडावर ओढलेला. नरेश तिला जपून धरून आणत होता, पाणी देत होता, पदर सारखा करत होता. पोराच्या मायेत काही कमी नव्हतं.

ती बसली आणि काहीतरी म्हणाली. नरेश लगेच म्हणाला, “हो हो, आई.” ती पुन्हा तेच म्हणाली. मीही हसून मान हलवली. तिने पदर आणखी ओढून घेतला आणि खाली बघत बसली.

काकांनी मान वाकवली, खिडकीच्या फटीतून बघावं तशी.

“मला समजलं नाही,” ते म्हणाले. “परत सांगा.”

नरेशचा चेहरा पडला. मलाही वाटलं, कशाला हो काका, लागेल तिला. हिरूबाईने वर पाहिलं. परत बोलली.

“नाही समजलं. सावकाश.”

ती परत बोलली. या वेळी चिडून, आणि हात वर करून. काकांनी तिचा हात पाहिला, मग छताकडे पाहिलं.

“पंखा?”

हिरूबाईची मान जोरात हलली.

“पंखा बंद करू?”

तिने गालावर तळहात ठेवला. वारा तिथे लागत होता. शिवणीला लागत होता, दुखत होतं. काका उठले आणि त्यांनी बटण बंद केलं. घरघर थांबली. खोली एकदम गरम आणि शांत झाली, आणि हिरूबाईने कितीतरी दिवसांनी टेकावं तशी खुर्चीला पाठ टेकली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती.

नरेश पंख्याकडे बघत होता. घरी त्याने आईसाठी नवा पंखा आणला होता, मोठा, तिच्या अगदी उशाशी लावलेला, दिवसरात्र चालू. हे तो मला येतानाच कौतुकाने सांगत होता.

मग तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

“आई,” तो म्हणाला, “घरी तू रोज मना काय सांगायचीस?”

ती बोलली. लांबलचक बोलली.

“नाय समजला,” नरेश म्हणाला. “परत सांग.”